माग थांबला की भत्ता कुणाला? सोलापूरचा कामगार आणि सरकारचं रोजगार धोरण

पूर्वभागकर (धागाकर्ता)

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. तेव्हापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काय चाललंय ते सोलापूरच्या पूर्वभागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. टॉवेलचा माल बांधून पडलाय. कुठे रात्रपाळी बंद, कुठे आठवड्यात तीनच दिवस काम. दिवाळी तोंडावर आहे आणि बोनसचं नाव कुणी काढत नाही. पण कागदावर एकाही माणसाला कामावरून काढलेलं नाही. "सोमवारी बघू" एवढंच सांगतात. सोमवारी गेलं की गुरुवारी बघू.

धागा काढायचं कारण म्हणजे गेल्या काही दिवसांत आमच्या गल्लीतली बरीच मुलं माझ्याकडे येऊन एकच विचारतायत. काका, सरकारकडून बेकारी भत्ता मिळतो का? मी यंत्रमाग कारखान्यात हिशेब आणि मस्टर (हजेरीपट) लिहायचं काम केलंय, म्हणून विचारतात. मला जे ठाऊक आहे ते इथे मांडतो. इतरांनी भर घालावी.

महाराष्ट्रात सरसकट बेकारी भत्ता नाही. मात्र ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) विमा असलेल्या कामगाराला नोकरी गेल्यावर पैसे मिळण्याच्या दोन योजना आहेत आणि दोन्ही फारच थोड्यांना माहीत असतात. पहिली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ पासूनची. नोकरी गेल्यावर सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. सुरुवातीला ही रक्कम पाव होती, करोनाच्या काळात निम्मी केली. विमा निदान दोन वर्षांचा हवा. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या वर्गणी कालावधीत (एक कालावधी सहा महिन्यांचा) ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालावधीतही तेवढीच. अर्ज कामगार स्वतः करू शकतो, मालकाच्या सहीसाठी अडून राहावं लागत नाही. महिना १५,००० पगार धरला तर रोज साधारण २५० रुपये, म्हणजे तीन महिन्यांचे २२,५०० होतात. छोटी रक्कम नाही ही.

दुसरी योजना जुनी आहे, २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कामगार कपात झाली तर पहिलं वर्ष निम्मा पगार आणि दुसरं वर्ष पाव पगार, शिवाय तेवढा काळ ईएसआयचा दवाखाना चालू. इथे मात्र कपात झाल्याचा किंवा कारखाना बंद झाल्याचा कागद लागतो. आमच्याकडे कामगाराकडून राजीनामा लिहून घ्यायची पद्धत आहे. दोन हजार रुपये हातावर ठेवायचे आणि कोऱ्या कागदावर सही घ्यायची. त्या सहीबरोबर दोन वर्षांचा हक्क जातो हे त्या पोराला कुणी सांगत नाही.

आणि कामावरून काढलं नाही, नुसतं बसवून ठेवलं, तर? त्यासाठी कामगार कायद्यात ले-ऑफची भरपाई आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम, बारा महिन्यांत ४५ दिवसांपर्यंत. अट अशी की कारखान्यात ५० किंवा जास्त कामगार हवेत आणि तुमची वर्षभराची सलग नोकरी मस्टरवर दिसायला हवी.

सगळं तिथेच अडतं. मस्टर. एकाच छपराखाली तीन नावांचे तीन कारखाने, प्रत्येकात आठ-नऊ माणसं. ईएसआयला दहा माणसं लागतात, ले-ऑफला पन्नास. माग एकच, जॉबर एकच, पगाराचा हिशेबही एकाच टेबलावर, पण कागदावर तीन मालक. संकटात उपयोगी पडावेत असे कायदे आहेत, ते कामगारापर्यंत पोचत नाहीत कारण कामगार कुठे लिहिलेलाच नाही. म्हणून माझं म्हणणं असं की भत्त्याची रक्कम वाढवा ही मागणी दुसऱ्या नंबरची आहे. पहिली मागणी नोंदीची.

कुंभारीची लेक

काका, चांगला विषय घेतलात. मी गोदूताई परुळेकर वसाहतीत वाढले. आई अजून विडी वळते, वडील मागावर होते. नोंदीवरून मला एक सांगावंसं वाटतं.

आमच्या घरात कारखान्यात जाणारे वडील, आणि घरी बसून काम करणारी आई. पण कागद कुणाकडे होता? आईकडे. कारखान्यातून पत्ता-तंबाखू वजन करून मिळतो, विड्या मोजून परत जातात, छाट (नापास विड्या) निघाली तर तीही लिहिली जाते. पुस्तक असतं. त्याच पुस्तकावर तिचा पीएफ कापला गेला. वडिलांना पीएफ मिळाला नाही, ईएसआय कार्डही मिळालं नाही. आठवड्याचा पगार हातात, त्यातून उचल वजा, संपलं.

नोंदीची मागणी केली की लोक म्हणतात, यंत्रमाग कामगाराची नोंद ठेवणं अवघड, तो आज इथे उद्या तिथे. मग घरोघरी बसून विडी वळणाऱ्या बायकांची नोंद कशी झाली? त्या तर कारखान्याच्या आतही नव्हत्या.

पण पीएफ म्हणजे भत्ता नव्हे. आईचं काम कमी झालं की घरात पीएफ काढायचा विषय निघतो. म्हातारपणासाठी साठवलेले तिचेच पैसे ते. ईएसआयचं कार्ड आमच्या वस्तीत विडीवाल्या बाईकडे मी तरी पाहिलेलं नाही. सध्या घर चालतं ते लाडकी बहीणच्या १५०० वर आणि माझ्या पगारावर.

कोर्टरोड

ताईंनी विडीचं लिहिलंय त्यामागे कायद्याचा इतिहास आहे. १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा, त्यानंतर पीएफ लागू झाला, आणि घरी काम करणारे हे कामगारच नव्हेत असा मालकांचा दावा होता तो सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळला. नोंद आपसूक झाली नाही. रस्त्यावरच्या लढ्याने आणि कोर्टातल्या लढ्याने झाली.

सोलापूरच्या बेकारीचा प्रश्न याच्याही आधी दिल्लीपर्यंत गेला होता, ते इथे लिहायलाच हवं. १९४९ मध्ये आपली जुनी गिरणी, म्हणजे शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, बंद पडली. हजारो लोक घरी बसले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने या एकाच कंपनीसाठी वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कायदा केला. कारण काय दिलं? गैरकारभारामुळे आवश्यक मालाच्या उत्पादनावर परिणाम झाला आणि समाजाच्या एका भागात गंभीर बेकारी निर्माण झाली. राज्यघटना लागू व्हायच्या तोंडावरची ही गोष्ट आहे. सरकारने संचालक दूर केले, आपले नेमले आणि गिरणी चालवायला घेतली.

भागधारक कोर्टात गेले. चिरंजितलाल चौधरी खटल्यात डिसेंबर १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. एकाच कंपनीसाठी कायदा करता येतो का, समानतेचा भंग होतो का, यावर तो निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. पण डिसेंबर १९५३ मध्ये द्वारकादास श्रीनिवास खटल्यात न्यायालयाने उलट निकाल दिला: भरपाई न देता मालमत्तेचा ताबा घेता येणार नाही. त्यानंतर १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती आली आणि ठरावीक मुदतीसाठी एखाद्या मालमत्तेचं व्यवस्थापन हाती घेण्याला घटनेत संरक्षण मिळालं. त्या दुरुस्तीमागे आपल्या गिरणीचा खटला होता, हे सोलापुरात फार थोड्यांना माहीत आहे.

पुढे १९५८ मध्ये मुंबई राज्याने मदत उपक्रमांचा कायदा केला, बॉम्बे रिलीफ अंडरटेकिंग्ज कायदा. बेकारी टाळण्यासाठी किंवा बेकारांना दिलासा देण्यासाठी एखादा कारखाना चालू राहणं गरजेचं असेल, तर सरकार तो काही काळ "मदत उपक्रम" म्हणून जाहीर करू शकतं आणि त्याच्या देण्यांना स्थगिती देऊ शकतं. बंद गिरण्या चालवण्यासाठी १९६६ मध्ये राज्याने टेक्स्टाइल कॉर्पोरेशनही काढलं. तोटा झाला, गिरण्या शेवटी बंदच पडल्या, हे खरं आहे. लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. म्हणून तो सगळा काळ निकालात काढणं मला पटत नाही. तेव्हाचं सरकार बेकारीला आपली जबाबदारी मानत होतं. घटनेच्या ४१ व्या कलमात बेकारीच्या वेळी सरकारी मदतीचा उल्लेख आहे, "आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत" असं त्यात म्हटलंय. गेली कित्येक वर्षं चर्चा फक्त त्या मर्यादेची होते.

स्पष्टवक्ता_पुणे

कायद्याचा इतिहास वाचायला बरा, पण पैसे कुठून आणायचे? राज्यावर आधीच कर्ज आहे. लाडकी बहीण, वीजमाफी, आता बेकारी भत्ता. घरी बसून पैसे मिळाले तर कामाला कोण जाईल? माझ्या ओळखीचे कारखानदार म्हणतात की एरवीही कामगार मिळत नाहीत.

दुसरं म्हणजे टॉवेल विकला जात नसेल तर तो धंदा बदलायला नको का? दर संकटात तेच माग जिवंत ठेवायचे म्हणजे पुढची पिढीही तिथेच अडकणार.

पूर्वभागकर

तुमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देतो.

पैशाचं उत्तर महाराष्ट्राने स्वतःच पूर्वी दिलंय. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली. आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना विचारा, खडी फोडून, पाझर तलावाची माती वाहून आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले लोक अजून आहेत. वि. स. पागे यांनी त्याआधीच तासगाव तालुक्यात विसापूरला हा प्रयोग करून पाहिला होता. पण दुष्काळ संपल्यावर योजना गुंडाळली नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला, तो रोजगार हमीच्या खर्चासाठी. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि दिवसांची मर्यादा नाही. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं.

तो व्यवसाय कर आजही तुमच्या-माझ्या पगारातून कापला जातो. महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. म्हणजे शहरातला नोकरदार पन्नास वर्षं गावातल्या मजुराच्या हमीसाठी वर्गणी भरत आला आणि ते योग्यच होतं. पण तेव्हा शहरात गिरण्या होत्या, शहरातल्या माणसाला हमी लागत नाही असं धरलं होतं. गिरण्या गेल्यावर कुणी ते गृहीतक तपासलं नाही. साखर पेठेतला किंवा नीलम नगरातला मागावरचा माणूस बेकार झाला तर त्याला कुठलीही हमी नाही, कारण तो महापालिका हद्दीत राहतो.

घरी बसून पैसे मिळाले तर कोण कामाला जाईल, हे म्हणणं मला मान्य नाही. निम्मा पगार, तोही तीन महिने, आयुष्यात एकदा. एवढ्यावर कुणी आयुष्यभर बसून राहत नाही. हे पैसे नसले की काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्या महिन्यात किराणा उधार, दुसऱ्या महिन्यात बचत गटाचं किंवा खासगी कर्ज, तिसऱ्या महिन्यात बायकोचं मंगळसूत्र गहाण आणि मोठ्या मुलाची शाळा बंद. नंतर काम चालू होतं, पण मुलगा शाळेत परत जात नाही.

धंदा बदलण्याचं म्हणाल तर माणसाला धंदा बदलायलाही चार-सहा महिने लागतात. त्या काळात खायचं काय?

मागवाला

मी मालकाच्या बाजूचा आहे. आमच्याकडे १६ माग आहेत, म्हणजे मोठा कारखानदार नाही. इथे मालकाला शिव्या घालणं सोपं आहे, तरी काकांनी संयमाने लिहिलंय म्हणून उत्तर देतो.

कारखाने तुकड्या-तुकड्यांत का दाखवतात? सुताचे पैसे रोख द्यावे लागतात, मालाचे पैसे ९० दिवसांनी येतात, कधी त्याहून उशिरा. सुताचा भाव आपल्या हातात नाही, विजेचा दर आपल्या हातात नाही. स्पर्धा मोठमोठ्या स्वयंचलित मिलशी. ईएसआयमध्ये मालकाचा वाटा सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का, तो तसा फार नाही हे मी कबूल करतो. पीएफचा बारा टक्के जड जातो. मी एकट्याने भरला आणि शेजारच्याने नाही भरला, तर माझा टॉवेल त्याच्यापेक्षा महाग होतो. मग व्यापारी त्याच्याकडे जातो. सगळ्यांनी एकदम भरायचं ठरलं तर मी पहिला भरेन.

आणखी एक. सरकारची नवी रोजगार योजना १ ऑगस्ट २०२५ पासून लागू आहे, विकसित भारत रोजगार योजना. पहिल्यांदा नोकरी लागणाऱ्याला १५,००० पर्यंत आणि मालकाला नव्या माणसामागे महिना ३००० पर्यंत. मी आत्ता नवा माणूस घेऊ कसा? आहे त्या माणसाला धरून ठेवायचंय मला. चांगला विणकर एकदा हैदराबाद नाहीतर सुरतला गेला की परत येत नाही. माग चालू होतील तेव्हा चालवायला कोण? माणूस टिकवायला मदत करणारी योजना मला कुठे दिसत नाही.

सोलापूर ते स्टुटगार्ट

मागवाला यांनी शेवटी जे लिहिलंय त्यासाठी जर्मनीत व्यवस्था आहे. मी इथे मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, मूळचा भवानी पेठेतला.

तिला कुर्त्सआर्बाइट म्हणतात, म्हणजे कमी तासांचं काम. ऑर्डर कमी झाली की कंपनी माणसं काढत नाही, तास कमी करते. जेवढा पगार बुडाला त्याच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी रोजगार संस्था भरून देते. पैसा येतो बेरोजगारी विम्यातून. त्याची वर्गणी पगाराच्या २.६ टक्के, निम्मी कामगाराची आणि निम्मी मालकाची. २००९ च्या मंदीत याच्यामुळे इथली बेकारी फारशी वाढली नाही, आणि एप्रिल २०२० मध्ये तर जवळपास ६० लाख लोक याच्यावर होते. मीही होतो. नोकरी टिकली, कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा सगळे आपापल्या मशीनवर हजर होते.

भारतात हे जसंच्या तसं चालणार नाही, कारण जर्मनीत प्रत्येकाची नोंद आहे. पण ईएसआयकडे चार टक्के वर्गणी जमा होते आणि निम्म्या पगाराचा नियमही आहे. तो नोकरी गेल्यावर लागू होतो, तास कमी झाल्यावर नाही. हा बदल फार मोठा नाही असं मला वाटतं.

अक्कलकोटचा

शिकलेल्या पोरांबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो.

आमच्या गावापासून कर्नाटकाची हद्द जवळ. माझा मामेभाऊ आळंद तालुक्यातला, पदवी माझ्याइतकीच. त्याला युवानिधीचे महिना ३००० मिळतात. तिथे २०२४ च्या जानेवारीपासून योजना सुरू झाली, पदवीधराला ३०००, डिप्लोमावाल्याला १५००, दोन वर्षं किंवा नोकरी लागेपर्यंत. आमच्याकडे मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण. बारावीला ६०००, आयटीआय-डिप्लोमाला ८०००, पदवीधराला १०,०००. आकडा मोठा हाय, पण सहा महिने, नंतर वाढवून अकरा. मी एका सरकारी कार्यालयात केलं. रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, कायम माणसाचं सगळं काम केलं, संगणकावरच्या नोंदी केल्या, टपाल केलं. मुदत संपली, घरी या. विद्यावेतनही वेळेवर आलं नाही. अनुभवाचा दाखला घेऊन पुण्याला चार ठिकाणी गेलो, कुणी विचारलं नाही.

मला भत्ता हवा का प्रशिक्षण हवं असं विचाराल तर मी प्रशिक्षण म्हणेन. पण शिकवणारं कुणीतरी पायजे तिथं. मोकळ्या जागा न भरता आमच्याकडून काम करून घ्यायचं आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचं, हे मला मान्य नाही.

स्पष्टवक्ता_पुणे

अक्कलकोटकर, तुमच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. आणि व्यवसाय करामागचं कारण मला माहीत नव्हतं, इतकी वर्षं कापला जातोय तरी. पण शहरी रोजगार हमीत शहरात काम कोणतं देणार? खड्डे खणायचे?

कोर्टरोड

राजस्थानात २०२२ मध्ये इंदिरा गांधी शहरी रोजगार हमी सुरू झाली, १०० दिवसांची. केरळात अय्यंकाळी शहरी योजना २०१० पासून आहे. हिमाचलने करोनात १२० दिवसांची काढली. कामं म्हणजे रोपवाटिका, नाल्यांची सफाई, उद्यानं, तळ्यांची देखभाल, सार्वजनिक इमारतींची डागडुजी. सोलापुरात असं काम नाही असं कोण म्हणेल? सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, हिप्परगा, शहरातले नाले, महापालिकेच्या शाळांच्या इमारती. विणकराला मातीकामच दिलं पाहिजे असंही नाही. सरकारी वसतिगृहांना, रुग्णालयांना चादरी आणि टॉवेल लागतात, शाळांना गणवेश लागतात, आणि गणवेशाचा धंदा सोलापुरात मोठा आहे. मंदीच्या काळात ही खरेदी आधी करून ठेवली तर तोही रोजगारच आहे, आणि माग चालू राहतात.

नोंदीच्या प्रश्नावर माझं मत सांगतो. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. हमाल आज या दुकानात, उद्या त्या दुकानात. त्याचा मालक एक नाही. म्हणून दुकानदारांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (ठरावीक वर्गणी) मंडळात भरायची, आणि मंडळाने पगार, पीएफ, रजा, बोनस द्यायचा. कामगार एखाद्या मालकाकडे लिहिलेला असायची गरजच ठेवली नाही, तो मंडळाकडे लिहिला. यंत्रमाग कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ करा ही मागणी जुनी आहे. लेव्ही मालकागणिक न लावता सुताच्या खरेदीवर किंवा मागाच्या वीजबिलावर लावली तर कारखाना तीन नावांनी चालवून काहीच साधणार नाही. यंत्रमागाला सरकार वीजदरात सवलत देतं. त्या सवलतीला कामगार नोंदणीची अट जोडता येते. मागवाला म्हणतात तसं सगळ्यांना एकदम भरावं लागेल.

मागवाला

वीजबिलावरची कल्पना चालू शकेल. मात्र लेव्ही लावताना सवलत काढून घेऊ नका, नाहीतर लहान कारखाने पहिल्या महिन्यात बंद होतील. आणि मंडळाचा पैसा त्याच धंद्यातल्या माणसावर खर्च व्हावा. बांधकाम कामगार मंडळात काय झालं बघा. एक टक्का उपकर गोळा होतो, २०२० च्या टाळेबंदीत नोंदीत कामगारांच्या खात्यावर आधी २००० आणि नंतर ३००० आले, ते चांगलंच झालं. पण ९० दिवस बांधकामावर काम केल्याच्या दाखल्यासाठी एजंट उभे राहिले. ज्याने कधी वीट उचलली नाही त्याची नोंद, आणि खरा गवंडी रांगेत.

पूर्वभागकर

एजंटांचं खरं आहे, मी स्वतः ओळखतो अशी माणसं. पण त्या २००० चा दुसरा अर्थ बघा. टाळेबंदीत सरकारला एका आठवड्यात पैसे पाठवावेसे वाटले तर कुणाला पाठवता आले? ज्यांची यादी होती त्यांना. यंत्रमाग कामगारांची यादी नव्हती. असंघटित कामगारांच्या ई-श्रम पोर्टलवर २०२१ नंतर बऱ्याच जणांनी नाव घातलं, बारा आकडी नंबर मिळाला. तो नंबर कुठल्याही भत्त्याला जोडलेला नाही. नोंदीबरोबर हक्क आला नाही तर लोक पुढच्या वेळी नोंद करायला येणार नाहीत.

मी या आठवड्यात आमच्या भागातल्या मुलांना घेऊन बसणार आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापलाय त्यांच्या वर्गणीचे दिवस ऑनलाइन तपासू. ज्यांची नोकरी गेली आणि दिवस पुरे भरतात त्यांचे अटल योजनेचे अर्ज करू. आणि राजीनाम्याच्या कागदावर कुणीही सही करायची नाही, हे आधी सांगणार.

सीनाकाठ

मी मोहोळ तालुक्यातला. आमच्याकडे सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला, सोयाबीन, तूर, कांदा सगळं पाण्याखाली. शेतमजुराला आता रानात काम नाही. म्हणून इथे सगळे रोजगार हमीच्या मागे आहेत, त्यावरून लिहितो.

ग्रामीण हमीत बेकारी भत्ता कायद्यातच आहे. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान पाव आणि नंतर निदान निम्मा, तोही राज्य सरकारने द्यायचा. महाराष्ट्रातली २०२५-२६ ची मजुरी ३१२, म्हणजे सुरुवातीला ७८ रुपये रोज. पण हा भत्ता मिळालेला माणूस मी आमच्या तालुक्यात पाहिलेला नाही. कारण काम मागितल्याची तारीख कुठे नसते. लोक तोंडी सांगतात, "काम काढा की". ग्रामरोजगार सेवक म्हणतो, "बघतो". पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? नमुना ४ (काम मागणीचा अर्ज) भरायचा आणि तारखेची पोच घ्यायची, तरच घड्याळ सुरू होतं. पोच द्यायला टाळतात, कारण पोच दिली की जबाबदारी येते.

काकांचा नोंदीचा मुद्दा गावातही तोच आहे.

कुंभारीची लेक

सीनाकाठ दादा, मग मला एक विचारायचंय. आमची विडी घरकुल वसाहत, आणि आता रे नगर, दोन्ही कुंभारीत. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. गोदूताई वसाहतीतच दहा हजार घरं, रे नगरची तीस हजार मंजूर, त्यातल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. राहणारे सगळे विडीवाले, मागवाले, शिलाईवाल्या. काम शहरात, घर गावात. मग आम्हाला जॉबकार्ड मिळू शकतं का?

सीनाकाठ

ताई, कायद्यात धंद्याची अट नाही. ग्रामीण भागात राहणारं कुटुंब आणि अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेला प्रौढ माणूस, एवढंच लागतं. विडी वळणारी बाईसुद्धा मागू शकते. ग्रामपंचायतीत कुटुंबाची नोंदणी करा, जॉबकार्डाला पैसे लागत नाहीत. राहत्या घराचा पुरावा, आधार आणि बँक पासबुक बरोबर ठेवा.

अडचण एकच, वसाहतीच्या मानाने कामं कमी पडणार, आणि त्यासाठी ग्रामसभेत कामांची यादी आधी मंजूर करून घ्यावी लागते. रस्त्याकडेची झाडं, पाण्याचे चर, वस्तीतली वृक्षलागवड हे मागता येईल. बायकांनी गटाने जा, एकट्या जाऊ नका.

कुंभारीची लेक

आईच्या गल्लीत आजच विचारलं. बऱ्याच जणी तयार आहेत, दोघींनी तर आधार कार्ड आणूनच ठेवलं. नमुना ४ छापील मिळतो का, की साध्या कागदावर लिहून चालतं?

सीनाकाठ

छापील असला तर बरा, नसला तर साध्या कागदावर चालतो. प्रत्येकीचं नाव, जॉबकार्ड नंबर, किती दिवस काम हवं आणि कोणत्या तारखेपासून हवं, एवढं लिहा. दोन प्रती काढा. एकीवर सही-शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय दुसरी हातातून सोडू नका. पोच देत नसतील तर तहसील कार्यालयात रोजगार हमीचा विभाग असतो, तिथे तोच अर्ज द्या आणि तिथली पोच घ्या.

पूर्वभागकर

कुंभारीसाठी अर्जाचा कच्चा मसुदा मी आज रात्री इथेच टाकतो. तेलुगूत कुणी लिहून दिला तर बरं होईल, वसाहतीतल्या निम्म्या बायकांना ती भाषा वाचायला सोपी जाते.